अकोल्याच्या हॉटेलात कोणी आग्रहच करत नाही

संध्याकाळी बरोबर सात वाजून दहा मिनिटांनी आम्ही अकोल्यातल्या त्या मोठ्या हॉटेलच्या पायऱ्या चढलो. घड्याळ समोरच होतं म्हणून आठवतं. आत तासभरच होतो, पण आमच्या घरात किस्से निघतात ते त्याच तासाचे. त्यानंतर लग्नं झाली, बारशी झाली, त्यांचं कोणाला काही आठवत नाही.

आम्ही चौघं मोठी: हे, मी, सासूबाई आणि अकोल्यात कारकून असलेले माझे दीर. शिवाय माझी अडीच वर्षांची सुमी. मुदतीचा ताप केव्हाच उतरला होता, पण पंधरा दिवस पोर नुसत्या दुधावर. घास म्हणून घेत नव्हती. सासऱ्यांना घरी ठेवून आमच्या शेलूबाजारहून तिला डॉक्टरकडे आणलं, तर ते म्हणाले, "मागेल ते द्या. उद्यापर्यंत खाल्लं नाही तर दवाखान्यात ठेवू." भाऊजी म्हणाले, चला, मोठ्या हॉटेलात तऱ्हतऱ्हेचं असतं, काहीतरी आवडेल तिला.

*

टेबलावर प्रत्येकापुढे पांढऱ्या फडक्याची उभी घडी, टोपीसारखी. सासूबाईंनी आपली घडी उलगडून सुमीच्या कानांवरून बांधून टाकली. वर पंखा गरगरत होता. "वारं लागन पोरीले," म्हणाल्या. शेजारच्या टेबलावरच्या बाई जेवायचं विसरल्या.

*

वरण आलं ते एवढ्याशा वाटीत. सासूबाईंनी बोट बुडवून पाहिलं आणि बेअररला म्हणाल्या, "चाखलं. चांगलं हाय. आण आता."

*

भाजी गोड. ह्यांनी मिरचीचा ठेचा मागितला. बेअरर आत जाऊन आला आणि म्हणाला, इथे बडे लोक येतात, तिखट ठेवत नाही.

"मंग बडे लोक जेवतात कायच्या संगं?" ह्यांनी विचारलं. अगदी मनापासून.

*

खरी फजिती पुऱ्यांची. आमच्याकडे पाहुण्यानं आधी नको म्हणायचं आणि वाढणाऱ्यानं तरी वाढायचं, ही रीत. तीनदा म्हटल्याशिवाय नको म्हणजे नको होतच नाही. बेअरर गरम पुऱ्या घेऊन आला. ह्यांनी नको म्हटलं. सासूबाईंनी ताटावर आडवा हात धरला, पोट भरलं म्हणाल्या. मी मान हलवली. तो "बरं" म्हणाला आणि गेला तो गेलाच!

सगळे उपाशी, एकमेकांची तोंडं बघतोय. सासूबाई हळूच म्हणाल्या, "असा कसा वाढपी? एका नकोत पयाला."

*

सुमीला मात्र भाऊजींनी आधीच एक पुरी मागवली होती. ती तशीच पडून. चिऊचा घास झाला, काऊचा झाला, आजीनं गळ घातली, बापानं घातली. तोंड घट्ट मिटलेलं. मला दवाखान्यातली खाट दिसायला लागली.

बेअरर ताटं उचलायला आला. त्यानं तिलाही विचारलं, "बेबी, नको?"

"नको," सुमी म्हणाली.

त्यानं सरळ तिची ताटली उचलली.

सुमी त्याच्याकडे बघतच राहिली. मग खुर्चीवर उभी राहून तिनं ताटलीची कड दोन्ही हातांनी धरली. "माही हाय."

त्यानं ताटली खाली ठेवली. सासूबाई "खा वं माय" म्हणायला तोंड उघडणार, तोच मी टेबलाखालून त्यांचा हात दाबून धरला. पुरीचा एक तुकडा तोंडात गेला. मग दुसरा. आमच्यातलं कोणी हललं नाही.

सासूबाई भाऊजींकडे वाकून कुजबुजल्या, "तू मोटार स्टँडवर जाय. शेलूबाजारले जाणारं कोणी भेटलं त सांग, आमच्या घरी निरोप द्या म्हणा, पोरीनं पुरी खाल्ली."