ओल्या भिंतीचा मुहूर्त

नवा गिलावा दिसला की लुयेन आधी भिंतीला गाल लावायची, मग तोंड उघडायची. सत्तावीस वर्षं व्हिएतनाममधल्या ह्वे शहरातल्या भिंती रंगवून तिच्या गालाला ओलावा बरोबर कळायचा. पण रंगारणीच्या गालाला विचारतो कोण? लोक ज्योतिषाला विचारतात.

खोआन काकांनीही तेच केलं होतं. वॉर्ड कचेरीत तीस वर्षं शिक्के मारल्यामुळे त्यांना जगातलं यच्चयावत ज्ञान होतं. टेटचा, म्हणजे नववर्षाचा, सण तीन आठवड्यांवर आलेला, बाहेर थंडीतली झिमझिम, आणि त्यांच्या नव्या बैठकीचा गिलावा कालच झालेला. गृहप्रवेशाचा मुहूर्त मात्र सणाच्या आदल्याच दिवसाचा निघाला.

"काका, भिंत चिंब आहे," लुयेन म्हणाली. "खिडक्या उघड्या ठेवा, महिना-दीड महिना वाळू द्या."

"मुहूर्त थांबतो का तुझ्यासाठी?"

"नाही थांबत. पण भिंत तरी मुहूर्तासाठी कुठे घाई करणार आहे?"

तिने प्लास्टिकचा तुकडा चारी कडांनी भिंतीला चिकटवला. दुसऱ्या दिवशी आतून थेंब ओघळत होते. काकांनी चष्मा लावून नीट तपासलं आणि निदान केलं, "प्लास्टिक हलकं आहे."

लुयेनने ब्रश गुंडाळले. घरी नवरा म्हणाला, "सणाच्या तोंडावर हातचं काम सोडलंस. कौतुक आहे."

काकूंच्या भाच्याने तीन दिवसांत चकचकीत पिवळ्या रंगाचे दोन जाड हात मारले. लुयेन दोनदा त्या गल्लीतून मुद्दाम गेली. खिडकीतून भिंत अशी झळकत होती की तिला स्वतःचीच शंका आली. सणाला तिने नवं काही घेतलं नाही, नवऱ्याशी बोललीही कमीच.

वर्षाचा पहिला पाहुणा शुभ लागतो, म्हणून काकांनी थोरल्या भावाला बोलावलं होतं. ते भिंतीला टेकून ऐसपैस बसले. उठले तेव्हा नव्या रेशमी अंगरख्याच्या पाठीला हातभर पिवळा पोपडा, आणि भिंतीवर फोडच फोड.

"घराचं थोडं मी घेऊन चाललो बरं का," म्हणाले आणि गेले.

आठवड्याने काका केळीच्या पानात लोडासारखा बांधलेला सणाचा चिकट भात घेऊन लुयेनच्या दारात उभे राहिले.

"भिंतीत दोष निघाला गं."

"भिंतीचाच असणार. आणखी कोणाचा असेल?"

तिने सगळा रंग खरवडला. आतून पांढरा खार फुटला होता, तो कोरड्या ब्रशने झाडत राहिली. मग दोन महिने नुसत्या खिडक्या उघड्या. काका रोज फोन करायचे. ती रोज "नाही" म्हणायची, आणि त्यात तिला जरा मजाही येऊ लागली. उन्हं तापली तेव्हा कुठे तिने खड्डे पुट्टीने भरले, घासून धूळ पुसली आणि पाणी घालून ताकासारखा केलेला पहिला हात दिला. तो भिंतीने पिऊन टाकला. मग दोन नीट हात.

शेवटच्या दिवशी शेजारचे गृहस्थ बघायला आले. भिंत गुळगुळीत, साय धरल्यासारखी.

काका हात मागे बांधून म्हणाले, "गिलावा वाळल्याशिवाय रंगाला हात लावू नये. मी हिला पहिल्यापासून बजावत होतो."

शेजाऱ्यांनी शिडीवरच्या लुयेनकडे पाहिलं.

"हो तर," ती म्हणाली. "काका फार मागे लागले होते." आणि तिने कोपरा रंगवायला घेतला.