तिसऱ्या मजल्याची शिट्टी

इस्त्रीवाल्या मावशी म्हणजे आपण बरे, आपलं काम बरं, अशा. जिन्याखाली टेबल, कोळशाची इस्त्री आणि चार मजल्यांचे कपडे. नवरा गेल्यावर याच टेबलावर उभं राहून त्यांनी मुलगी शिकवली, सासरी पाठवली. माणसांचा तिटकारा त्यांना माहीतच नव्हता. तो या इमारतीने शिकवला.

इमारतीत लागोपाठ दोन घरं फुटली, तेव्हा चौकीतले साहेब स्वतः आले. गाड्या हलवून खुर्च्या मांडल्या. साहेबांनी प्रत्येक मजल्याला एक शिट्टी दिली आणि दिवसभर दाराशी असतात म्हणून मावशींनाही एक. नियम एकच. शिट्टी ऐकली की हातातलं टाकायचं आणि धावायचं. "तुम्ही धावा, आम्हीही धावतो," साहेब म्हणाले. सगळ्यांत जोरात टाळ्या वाजवल्या त्या तिसऱ्या मजल्यावरच्या सेक्रेटरीने. कॅमेरे बसवून घेतले ते त्यानेच, संध्याकाळी काठी घेऊन फेरी मारायचा तोही तोच. माणूस कसा सोन्यासारखा, असं लोक म्हणायचे.

पहिली शिट्टी वाजली ती एका भंगारवाल्यावर. चौथ्या मजल्यावरच्या काकूंनी विकलेला पंखा घेऊन बिचारा जिना उतरत होता. पहिल्या मजल्यावरच्या काकांनी शिट्टी फुंकली आणि अख्खी इमारत खाली आली. काय तो उत्साह! गुडघे दुखतात म्हणून भाजीला न जाणारे दोन-दोन पायऱ्या गाळत उतरले. काकू वरून "अहो, मीच विकलाय!" म्हणून ओरडेपर्यंत त्याला बडव बडव बडवलं. एकाने म्हणून माफी मागितली नाही. "चला, सराव झाला," सेक्रेटरी म्हणाला, आणि सगळे फिदीफिदी हसले. शी! मावशींनी त्या माणसाला पाणी दिलं. फाटक्या ओठाने त्याला ते पिताही येईना.

पण खरी घाण त्यांना कपड्यांच्या गाठोड्यातून कळत होती. सेक्रेटरीच्या बायकोच्या कुडत्याची बाही खांद्यातून उसवलेली, शिवलेली, पुन्हा तिथेच उसवलेली. उशीच्या अभ्र्यावर धुऊनही न गेलेला तपकिरी डाग. मरणाच्या उकाड्यात ती बाई मनगटापर्यंत बाह्या घालून दार उघडायची. मावशींनी विचारलंच, "ताई, हे काय?"

"पडले हो, मावशी."

मावशींची थोरली बहीणही अशीच पडायची. एकदा पडली ती उठलीच नाही.

मग एका दुपारी वरून काहीतरी आपटल्याचा आवाज आला, त्यामागून किंकाळी. मावशींनी शिट्टी फुंकली. आले की सगळे, काठ्या घेऊन! मावशींनी वर बोट दाखवलं. तेवढ्यात दुसरी किंकाळी आली, सगळ्यांनी ऐकली आणि सगळे फरशीकडे बघायला लागले.

"अहो मावशी, ते घरातलं आहे," काका काठी बगलेत मारत म्हणाले. "घरोघरी मातीच्या चुली. आपण कशाला मध्ये पडायचं?"

आणि गेले. भंगारवाल्यावर तुटून पडलेले हे वाघ चपला न वाजवता वर गेले.

संध्याकाळी सेक्रेटरी आला. हसत होता मेला. "शिट्टी म्हणजे खेळणं नाही, मावशी. द्या इकडे." शिट्टी खिशात घातली, वर स्वतःचा शर्ट टेबलावर टाकून म्हणाला, "कॉलर कडक हवी." मावशींनी तो शर्ट दोन बोटांत धरून बाजूला सारला. कुंपणच शेत खातंय आणि राखणदार म्हणून मिरवतंय!

दुसऱ्या दिवशी शर्ट पोचवायला त्या वर गेल्या. दाराच्या आत, खिळ्याला, किल्लीशेजारी तिसऱ्या मजल्याची शिट्टी लटकत होती. मावशी हळूच म्हणाल्या, "ताई, ही मजल्याची आहे. त्याच्या एकट्याची नाही. मी खालीच असते." ताईने शर्ट घेतला आणि दार लावून घेतलं.

पुढच्या आठवड्यात तोच शर्ट पुन्हा टेबलावर होता. गस्तीचे एक हवालदार दाराशी घाम पुसत उभे होते. आणि वरून शिट्टी वाजली. मध्येच तुटली, पुन्हा वाजली.

मावशींनी हातातलं टाकलं. हवालदार मात्र घुटमळले. "घरगुती दिसतंय, मावशी."

"साहेब काय म्हणाले होते? ऐकली की धावायचं. घरातली की बाहेरची, असं काही म्हणाले होते? चला!"

हवालदार ओशाळले आणि चालू लागले. ते दोघे जिना चढत होते आणि प्रत्येक मजल्यावर आतून कड्या लागत होत्या. खट्. खट्. मावशींना त्या दारांवर थुंकावंसं वाटलं.

सेक्रेटरीने दार उघडलं. "काही नाही हो, चुकून वाजली."

त्याच्या मागे भिंतीला धरून ताई उभी होती. कपाळ फुटलेलं, शिट्टी अजून ओठांत. हवालदारांनी शेजारची दारं ठोठावली, खालच्यांनाही हाका मारल्या. कोणी ऐकलं का? एकजण म्हणाला, टीव्ही मोठा होता. पहिल्या मजल्यावरचे काका म्हणाले, "मिक्सर चालू होता."

"ताई, पडलात का?" हवालदारांनी विचारलं.

तिने शिट्टी तोंडातून काढली. नवऱ्याकडे पाहिलं, मग मावशींकडे.

"नाही. यांनी मारलं. शिट्टी मी वाजवली."

हवालदार सेक्रेटरीला घेऊन गेले. ताई आधी दवाखान्यात, मग चौकीत आणि तिथून आपल्या भावाकडे गेली. मावशी खाली आल्या तेव्हा टेबलावरून धूर येत होता. शर्टाच्या पाठीला इस्त्रीएवढं भोक पडलं होतं. त्यांनी ते शांतपणे पाहिलं आणि शर्ट कचऱ्यात टाकला.

दुसऱ्या दिवशी सकाळी काका गाठोडं घेऊन उभे. "मावशी, दोन शर्ट तातडीचे आहेत." मावशी इस्त्री फिरवत राहिल्या. काकांनी आवाज चढवला, "अहो मावशी! केव्हाची हाक मारतोय, ऐकू येत नाही?"

मावशींनी मान वर केली नाही.

"मिक्सर चालू आहे," त्या म्हणाल्या.