दोरीचं दुसरं टोक

सासूबाईंना मी सांगितलं होतं, "फोटो काढताना ती हलली, म्हणून बिघडला." ती हलली नव्हती. मी त्यांच्या लेकीचा फोटो कधी काढलाच नव्हता. एवढी साधी गोष्ट बोलायला मला पंचवीसहून अधिक वर्षं लागली, आणि जिला सांगायची ती माउली ऐकायला राहिली नाही.

तेव्हा गडचिरोली वेगळा जिल्हा नव्हता, सगळा चांदाच, म्हणजे आताचं चंद्रपूर. आलापल्लीच्या अलीकडे रस्त्याला लागून सागवानाचा डेपो होता, तिथे मी कारकून होतो. लिलावाआधी लाकडाच्या थप्प्यांचे फोटो काढून ठेवायचे, ही आमच्या साहेबांची स्वतःची हौस. त्यांनी नवा कॅमेरा घेतला आणि जुना, भात्याचा, घडी होणारा, माझ्या हाती दिला. म्हणाले, "आधी घरच्या लोट्या-तांब्यांवर हात बसव, मग माझ्या सागवानाकडे ये. भांडी हलत नाहीत आणि तक्रारही करत नाहीत."

त्या कॅमेऱ्यात आपोआप काही होत नसे. तीन गोष्टी हाताने लावायच्या. भिंगामागचं भोक किती उघडं ठेवायचं, झापड किती वेळ उघडी ठेवायची, आणि वस्तू किती फुटांवर आहे. नंबर वाढला की भोक लहान होतं, हे डोक्यात शिरायलाच माझा एक रोल गेला. रोलमध्ये फोटो आठ. धुवायला चांद्याला पाठवायचा, तो लाकडाच्या ट्रकबरोबर बल्लारशापर्यंत जायचा आणि पुढे रेल्वेने. यायला पंधरा दिवस, कधी तीन आठवडे. तोवर आपण काय चुकलो ते आठवावं म्हणून मी वहीत लिहून ठेवायचो: पाण्याचा पितळेचा गुंड, सकाळचे नऊ, अकरा नंबर, सेकंदाचा पन्नासावा भाग, पाच फूट.

ते पाच फूट नजरेने कळत नसत. पहिला आख्खा रोल धूसर आला. मग मी सुतळीची एक दोरी केली, फुटाफुटावर गाठी मारल्या. एक टोक कॅमेऱ्याशी धरायचं, दुसरं वस्तूला टेकवायचं आणि गाठी मोजायच्या. दुसरं टोक धरायला माणूस लागतो. ती माझी बायको.

ती चिमूरकडची, धान लावणाऱ्या घरातली. शाळा दुसरीपर्यंत. मी नागपुरात मॅट्रिक झालेलो, आणि ते मी तिला विसरू देत नसे. लग्नाला दीड वर्ष झालं होतं. हातातलं काम टाकून ती यायची, दोरीचं टोक गुंडाच्या पोटाला लावायची आणि म्हणायची, "लागली." मी गाठी मोजून आकडा लावायचो आणि म्हणायचो, "सोड." ती दोरी सोडून बाजूला व्हायची. मग मी खटका दाबायचो. कधी माझं मोजणं चुकायचं, पुन्हा मोजायचो. तोवर ती तशीच वाकून उभी. एकदा तिच्या पायाला मुंगळा डसला. तिने दोरी सोडली नाही. "मोजा ना जी लवकर," एवढंच म्हणाली.

सूप, कंदील, विळी, पायली, मोहफुलांची टोपली, सगळ्यांचे फोटो निघाले. सुपातले तांदूळ नुसता पांढरा डाग होऊन आले, आणि त्याच नंबरावर काढलेली लोखंडी कढई म्हणजे काळं भोक. पुढच्या रोलला कढईसाठी मी भिंगाचं तोंड मोठं केलं, वेळ वाढवली. तो फोटो आला तेव्हा मी अक्षरशः नाचलो. कढईची काजळी दिसत होती, कडेचे हातोडीचे ठोके दिसत होते.

तिने फोटो हातात घेतला. शेजारची नाकेदारीणबाई, जंगलच्या नाकेदाराची बायको, पीठ मागायला आली होती, तीही वाकून बघत होती.

"आता इतकी काळी कढई आली," बायको म्हणाली, "म्हंजे माहा बी येईन?"

मी म्हणालो, "तुझ्यासाठी भिंगाचं तोंड याहून मोठं उघडावं लागेल."

नाकेदारीण हसली. मी हसलो. तीही हसली, सगळ्यांत जास्त वेळ. नंतर कुणी आलं की ती स्वतःच सांगायची, "काढून राह्यले ना फोटो! माहा नंबर कढईच्या मांगं हाय." लोक हसायचे. मी ते तिचा विनोदी स्वभाव म्हणून खपवलं. पण त्या दिवसापासून दोरी सोडल्यावर ती एक पाऊल जास्त लांब जाऊन उभी राहायची. ते मी पाहिलं होतं. पाहिलं नव्हतं असं म्हणणार नाही.

खरं सांगायचं तर नंबराची अडचण नव्हतीच. कढई जमली त्याला माणूस जमला असता. मी ते फोटो नागपूरच्या मित्रांना पाठवायचो, साहेबांना दाखवायचो. त्यांत मला ती नको होती. गोऱ्या, शिकलेल्या बायकोचा फोटो मी पहिल्याच रोलला काढला असता. स्वतःला मात्र सांगायचो की आधी हात बसू दे, मग तिचा असा काढू की बघत राहावं.

दसऱ्याला तिने पूजा मांडली. पाटावर कुऱ्हाड, विळा, माझा टाक आणि दौत, आणि मधोमध कॅमेरा, भाता उघडून ठेवलेला. मी अंघोळ करून आलो तर भिंगाच्या काचेवर कुंकवाचं ठसठशीत बोट.

मी ओरडलो, "अक्कल आहे का? काचेला कुंकू लावतात?"

"साऱ्याइले लावलं, त्याले नाई लावू?" ती म्हणाली. "त्याचं कपाळ कुठी हाय, मले काय ठावं!"

मला हसू आलं नाही. तिने पदराच्या टोकाने काच पुसली, तिला कळेल तशी हळूहळू. मग मी कॅमेरा तिच्या हातातून घेतला आणि काच पुन्हा पुसली.

लग्नातलं हिरवं लुगडं तिने त्या दिवशी नेसलं होतं. डोक्याला तेल, भांग सरळ. रोलमध्ये एक फोटो उरलाय हे तिला माहीत होतं, कारण कॅमेऱ्याच्या मागल्या लाल खिडकीतला आकडा ती आताशा वाचायची. अंगणात ऊन स्वच्छ पडलं होतं.

"आज उजेड कसा हाय जी?"

"अकरा नंबरचा."

"मंग?"

त्या 'मंग'चा अर्थ मला कळला होता. मी म्हणालो, "गुंड आण. झेंडूची माळ घाल त्याला. छान येईल."

ती थोडी थांबली. आत गेली, गुंड घासूनपुसून आणला, माळ घातली, ओट्यावर ठेवला. दोरी धरली.

"लागली."

"सोड. बाजूला हो."

तो रोल धुऊन यायच्या आत ती गेली. दसऱ्यानंतर आठवड्याने हिवताप आला, तो डोक्यात गेला. गाडी जुंपून दवाखान्याकडे निघालो, वाटेतच संपलं. तिच्या माहेरची माणसं दोन दिवसांनी पोचली. सासूबाईंना तोंडही बघायला मिळालं नाही.

दहाव्याच्या दिवशी त्या माझ्याजवळ येऊन बसल्या. म्हणाल्या, "जवाईबापू, तिचा फोटो द्या. आखाडीले आली होती तवा सांगत होती, यायनं माहा फोटो काढला, चांद्याहून याचा हाय. साऱ्या गावाले सांगून राह्यली होती."

म्हणजे तिने माहेरी माझी लाज राखली होती. मी तिची राखायला हवी होती. चाळीसएक फोटोंचा गठ्ठा पेटीत होता, पेटी हातभर अंतरावर होती, आणि मी म्हणालो, "काढला होता. ती हलली, म्हणून बिघडला."

सासूबाईंनी कपाळावर हात मारून घेतला. "हललीच असन! लहानपणापासून सांगत होती मी, एक डाव उभी नाई राह्यची पोरगी." आणि रडत रडत मेलेल्या लेकीला रागवायला लागल्या. "काऊन हललीस वो माय, घडीभर उभी राह्यली असती त..."

मी उठून त्यांना पाणी आणून दिलं.

पुढे माझं दुसरं लग्न झालं, तरी सासूबाईंनी नातं तोडलं नाही. कार्याला बोलवायच्या, मी जायचो. धाकट्या मेहुणीच्या मुलीच्या लग्नात फोटोवाला आला, तर पोरांच्या रांगेपुढे उभ्या राहून सासूबाई ओरडल्या, "हलू नोका रे! तुमची मोठी मावशी अशीच हलली, तिची निशाणी नाई राह्यली." पोरं ताठ झाली. त्या घरात ती म्हणच पडली होती. लग्न असो, बारसं असो, कॅमेरा दिसला की कुणीतरी म्हणणार, मावशीसारखी हलू नको. दरवेळी मला वाटायचं, आज सांगू. दरवेळी जेवून परत यायचो.

सासूबाई गेल्या पौषात वारल्या. तेरवी झाल्यावर मी मुद्दाम मागे राहिलो आणि त्याच धाकट्या मेहुणीला सगळं सांगितलं. कढईचं बोलणंही सांगितलं. तिचेही केस पांढरे झालेत आता. शेवटी म्हणाली, "मायले सांगाले पायजे होतं, भाऊजी."

"हो."

"माय मरेपर्यंत तिलेच बोलत राह्यली."

मी पिशवीतून दसऱ्याचा फोटो काढून तिच्यापुढे चटईवर ठेवला. हा एक मी जपून ठेवला होता. माळ घातलेला गुंड, ओटा, मागे कुडाची भिंत. सगळं लख्ख.

तिने चष्मा लावला. बराच वेळ बघितल्यावर गुंडापाशी बोट नेलं. "हे काय पडलं?"

"दोरी. अंतर मोजायची. हे टोक तिच्या हातात होतं. मी सोड म्हणालो, तिने सोडली."

"मंग ते कुठी गेली?"

"कुठे नाही. इथेच होती." मी फोटोच्या उजव्या कडेपलीकडे, चटईवर दाखवलं. "हिरवं लुगडं नेसून. मी झालं म्हणेपर्यंत जागची हलली नाही."

मेहुणीने माझा हात बाजूला केला आणि मी दाखवलेल्या जागी, फोटोच्या बाहेर, चटईवर स्वतःचा तळवा ठेवला. तो तिने उचलला नाही. आत सून चहाला हाक मारत होती.