चुलीकडे बोलावलेले पालक

लोणी काढायचं होतं मुलांनी, आणि दांडा होता आयांच्या हातात.

कॅनडातल्या ग्वेल्फजवळच्या आमच्या पायोनियर कॅम्पमध्ये शाळेची मुलं एक दिवस जुन्या काळासारखी राहतात. पूर्वी इथे जंगल तोडून शेती करणारे लोक जसे राहायचे, तसं. मी तिथे किचन सांभाळते. लांब झगा, डोक्याला टोपी, लाकडाची चूल. लोणी काढायला उभं लाकडी पिंप असतं, त्याला चर्न म्हणतात. त्यात क्रीम घालून दांडा वरखाली करायचा.

त्या वर्षी पहिल्यांदाच पालकांना बोलावलं होतं. कल्पना माझी बॉस कॅरन हिची. वर्गात आपली भारतीय मुलं बरीच, त्यामुळे पालक झाडून सगळे आले. डबे घेऊन आले.

"दमलास रे, दे इकडे," म्हणत एक पुण्याची आई दांडा ओढत होती.

"मॉम, इट्स माय टर्न!" मुलगा ओरडला.

दुसरीकडे एक बाबा मुलीच्या वाटची लाकडं उचलत होते. मुलगी नुसती उभी.

टीचर कॅरनला म्हणाली, "मुलांनी काहीच करायचं नसेल, तर पुढच्या वर्षी आम्ही कशाला यायचं?"

ही शाळा आमची सगळ्यात मोठी. ती गेली तर किचन बंद करावं लागलं असतं, आणि माझं काम गेलं असतं. कॅरन माझ्याकडे वळली. "तुझीच माणसं आहेत. त्यांना बाजूला व्हायला सांग."

चार माणसांत बोलायचं म्हटलं की मी मागेच राहते. त्यात शिकलेल्या लोकांना 'बाजूला व्हा' कसं म्हणायचं? मी त्या पुण्याच्या बाईजवळ गेले. तोंडातून भलतंच निघालं.

"ताई, पावाचं पीठ मळायचंय. मला जरा हात लावता का?"

"अहो काकू, आधी नाही का सांगायचं!" दांडा सोडून ती बाह्या वर करत निघाली. जाताना बाकीच्यांना हाक मारली, "चलो चलो, आंटी अकेली हैं!" सगळ्या तिच्यामागे. बाबा लोकांना मी लाकडं फोडायला लावलं. मुलांपाशी टीचर तेवढी उरली.

आत किचनमध्ये धुरानं सगळ्यांचे डोळे लाल झाले. "काकू, याला टेंपरेचर कुठे सेट करायचं?" एकीनं विचारलं. मी लाकूड आत सारून दाखवलं. पाव खालून करपलेच. हात पिठात असल्यामुळे फोन कोणी काढला नाही.

जेवायच्या वेळी मुलं लोण्याचं भांडं धरून आली. लोणी पातळ, मीठ जास्त.

"वुई मेड इट! यू गाईज बर्न्ट द ब्रेड!"

पुण्याची आई हसता हसता डोळे पुसत होती. धूर होताच. करपलेला भाग खरवडून सगळ्यांनी ते लोणी खाल्लं. डबे तसेच परत गेले.

निघताना टीचरनं पुढच्या जूनची तारीख मागून घेतली. कॅरननं मला 'छान' म्हणून अंगठा वर करून दाखवला. मी पायरीवर बसले आणि टोपी काढली. तिची नाडी केव्हापासून हनुवटीखाली काचत होती.

आता पालक आले की आधी त्यांना पीठ देतो. बाजूला व्हा असं कोणाला सांगावं लागत नाही. पाव मात्र दरवर्षी करपतात.