ठाण्यातली दुसरी शिफ्ट

माझ्या थोरल्या दिरांना आम्ही सगळे दादा म्हणायचो. डोकं फिरलं की ते गुन्हे कबूल करायचे. एरवी कंपनीत लेथवर मान खाली घालून काम करणारा माणूस. पण वर्षातून एखाद्या वेळी त्यांची झोप उडायची, डोळे चमकायला लागायचे आणि मग थेरगावची म्हैस कुणी पळवली तर यांनी, पवना नदीचं पाणी कुणी आटवलं तर यांनी. सांगताना हसून हसून लोळायचे. लोक वेडा म्हणायचे. सासूबाई म्हणायच्या, "आनंद जास्त झालाय त्याला, उतरंल."

उतरेपर्यंत त्यांना एकटं सोडायचं नाही, असं आमच्या बौद्ध वस्तीनं ठरवलं होतं. पुरुष कंपनीत, म्हणून बायकांनीच शिफ्ट लावल्या होत्या. सकाळी मी, दुपारी शेजारची मावशी, संध्याकाळी सासूबाई. बदली आल्याशिवाय जागा सोडायची नाही, हा कायदाही कंपनीचाच उचललेला. डॉक्टरांच्या गोळ्या आणि सोबतीला कुणीतरी, एवढ्यावर दादा ताळ्यावर यायचे.

त्या वर्षी एका कारखान्यातून पितळ चोरीला गेलं. कुठंही काही गेलं की पोलिसांची जीप आधी आमच्याकडं यायची. मी धुणं वाळत घालत होते, दादा बादली धरून उभे होते. फौजदारांनी विचारलं, "पितळ कुणी नेलं?"

दादांनी हात वर केला. "मी."

मी लग्न होऊन नुकतीच आलेली, डोक्यावरचा पदर ढळू न देणारी सून. पण मावशी अजून आली नव्हती. दादांना जीपमध्ये घातलं तशी मीही चढले. हवालदार म्हणाला, "बाई, खाली उतरा." मी म्हणाले, "माझी ड्युटी संपली नाही."

ठाण्यात दादांना भलताच हुरूप आला. पितळ झालं, म्हैस झाली, मग देहूरोडच्या लष्करी डेपोतला एक रणगाडाही त्यांनी घरी नेलेला निघाला. फौजदारांनी त्यातलं पितळ तेवढं खरं धरलं. कोठडीत घातलं तर मारणार, गोळ्या बंद होणार, आणि आमचे दादा आम्हाला पहिल्यासारखे परत मिळणार नाहीत.

तेवढ्यात दुसरी शिफ्ट आली. मावशी भाकरी बांधून थेट ठाण्यात. मी उठून रिपोर्ट दिला: गोळी घेतली, पाणी प्याले, गुन्हे चालू आहेत. मागून सासूबाई, त्यांच्यामागून अर्धी वस्ती. पलीकडच्या चाळीतल्या एक काकूही गंमत बघायला आल्या होत्या, पाटलाघरच्या. एवढ्या भीतीतही मला हसू आवरेना.

"हे ठाणं आहे का कारखाना?" फौजदार वैतागले. "चोरी परवा दुपारी झाली. तेव्हा हा कुठं होता?"

मावशी पुढं झाली. "माझ्या वट्यावर व्हते, सायेब. शेंगा फोडत बसले व्हते. माझीच शिफ्ट व्हती."

"तुमची माणसं तुमचंच ओढणार."

मग काकू शांतपणे म्हणाल्या, "परवा दुपारी हे माझ्या घरी होते."

फौजदारांनी त्यांचं आडनाव विचारलं. ते ऐकल्यावर आधी खुर्ची आली, मग चहा आला, मग दादा सुटले. काकूंच्या घराचा उंबरा दादांनी आजवर ओलांडलाही नव्हता.

बाहेर आल्यावर आम्ही हसत सुटलो. सासूबाईंनी तर रस्त्यातच बसकण मारली. दादा सुटले म्हणून मी आनंदानं नुसती नाचत होते आणि त्या खुर्चीचा रागही तेवढाच आला होता. मावशी मात्र भाकरीचं फडकं पुन्हा पुन्हा बांधत होती. मी विचारलं तशी म्हणाली, "न्हाई, पर म्या काय खोटं बोलले व्हते का गं?"



दादांनी हात वर केला. "खोटं मी बोललो," म्हणाले.