रामनाथ तरे यांचे शुक्रवारी न गाणारे रातकिडे

रामनाथ चिंधू तरे. जन्म १९४९, मृत्यू २००९, दोन्ही टेमघर, भिवंडी येथे. नावाआधी मी कोणतेही उपपद लावलेले नाही. त्याचे कारण यथावकाश येईल.

रामनाथ आमच्या महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवीत. त्यांच्या संशोधनाचा विषय रातकिड्याचे श्रवणेंद्रिय हा होता. रातकिड्याचे कान त्याच्या पुढच्या पायांवर, गुडघ्याच्या किंचित खाली असतात. हे ऐकून त्यांचे चुलतभाऊ केसरीनाथ म्हणाले होते, "आमच्याकडे मानसाची अक्कल गुडघ्यात असते, म्हनून कोन त्याला डॉक्टर करत न्हाय!"

रामनाथांना मात्र डॉक्टर व्हायचेच होते. २००४ साली नवे घर बांधले, तेव्हा दारावरच्या संगमरवरी पाटीवर 'रामनाथ चिंधू तरे' ही अक्षरे त्यांनी उजवीकडे सरकवून कोरून घेतली. डावीकडे 'डॉ.' मावेल एवढी जागा मोजून मोकळी ठेवली.

घराच्या भिंतीला लागून केसरीनाथांचा लूमचा, म्हणजे यंत्रमागांचा, कारखाना होता. भिंतीच्या अलीकडे काचेच्या बरण्यांत रातकिडे वाढत. दुधीच्या फोडी आणि गव्हाचा कोंडा खात. त्या खडखडाटात पिढ्यान्‌पिढ्या जन्मलेल्या या किड्यांनी एक विलक्षण सवय अंगी बाणवली होती. लूम सुरू असले की नर पंखांवर पंख घासून गात. लूम थांबले की एकजात गप्प होत. रामनाथांचा सारा प्रबंध या निरीक्षणावर उभा होता.

पुण्याच्या परीक्षकांनी तोंडी परीक्षेपूर्वी हे गायन स्वतः ऐकण्याचा आग्रह धरला. रामनाथांनी त्यांना शुक्रवारी बोलावले. भिवंडीत शुक्रवारी लूम बंद असतात. म्हणून साखरपुडा असो वा पाहुणचार, आम्ही तो शुक्रवारीच ठेवतो. इतर दिवशी पाहुण्याला वाढताना "अजून भात घ्या" हेसुद्धा खुणेने सांगावे लागते. रामनाथांनी जन्मभराच्या या रीतीनुसार दिवस नेमला. त्यांच्या पत्नी गोदूबाई यांनी तांदळाच्या भाकऱ्या आणि कोळंबीचे कालवण केले. त्या जेवणास मीही होतो. जेवण उत्तम झाले आणि शांतताही उत्तम होती. हात धुऊन परीक्षक बरण्यांपुढे बसले, तेव्हा कुठे रामनाथांच्या लक्षात आले की आज लूम बंद आहेत.

"आपले किडेही साप्ताहिक सुट्टी घेतात काय?" परीक्षकांनी विचारले.

रामनाथ भिंतीपाशी धावले. "केसरी, लूम चालू कर!"

"शुक्करवार हाय, दादा! लाइट न्हाय, कारीगर न्हाय. मी काय हातान फिरवू?"

"मग हातान फिरव!" गोदूबाई स्वयंपाकघरातून ओरडल्या. "त्यांची डिग्री अडकलीय!"

हाताने फिरवूनही काही साधेना. अखेर कारखान्यातील लूम दुरुस्त करणारे जुने जॉबर दामू पुढे झाले. त्यांनी आळीतल्या बायका थाळ्या-परातींसह आणि पुरुष पत्र्यांसह ओट्यावर उभे केले. "एक खटका, एक फटका! मधी दम घ्यायचा न्हाय. मशीन कदी दम घेते काय?"

टेमघरने लूमचा आवाज काढला. तो इतका हुबेहूब होता की केसरीनाथ सवयीने धागा तुटला का ते पाहायला आत गेले. आणि बरणीतल्या एका नराने पंख उचलले. मग दुसऱ्याने. पाहता पाहता सगळे किडे पंख घासू लागले.

परीक्षकांनी बरणीला कान लावला. मग दुसरा कान लावला. त्यांनी हात वर करताच दामूंनी ताल थांबवला. त्याच क्षणी किडेही थांबले. हात खाली, पंख सुरू; हात वर, पंख बंद.

"पंख हलताना दिसतात," परीक्षक म्हणाले, "पण गाणे ऐकू येत नाही."

"एवढ्या आवाजात कसे येईल, सर? ते एकमेकांना ऐकू येते."

"पदवी त्यांना द्यायची नाही, तरे. मला ऐकू यायला हवे."

त्यांनी अहवालात लिहिले: 'गायन दृष्टीस पडले, कानी पडले नाही. श्राव्य पुराव्यापर्यंत निर्णय स्थगित.' रामनाथांनी पुढे अनेक ध्वनिफिती पाठवल्या. त्या सर्वांत केसरीनाथांचे लूम फार स्पष्ट ऐकू येत.

२००९ साली हृदयविकाराने रामनाथ गेले. दुखवटा म्हणून केसरीनाथांनी लूम बंद ठेवले. बरण्या गप्प झाल्या. घरात माणसे मावत नव्हती, तरी गोदूबाईंना ती शांतता सोसवेना.

"चालू कर रे, केसरी," त्या म्हणाल्या. "किडे पन गप बसले तर यांचं खरं कोन मानील?"

दुखवट्यातच लूम सुरू झाले. भेटीस आलेल्यांनी सांत्वन खुणेने केले.

बरण्या आता आमच्या महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत आहेत. तेथे कमालीची शांतता असल्याने किडे अद्याप गायलेले नाहीत. पदवीचा निर्णय विद्यापीठाकडे स्थगित आहे. राहता राहिली दारावरची पाटी. वर्षश्राद्धास केसरीनाथ कोरणाऱ्याला घेऊन आले. डावीकडच्या जागेत 'कै.' नेमके बसते, असे त्यांनी मापून दाखवले.

गोदूबाईंनी कोरणाऱ्याला चहा देऊन परत पाठवले.

"ती जागा मोकळी न्हाय," त्या म्हणाल्या. "त्यांनी धरून ठेवलीय."