कांकणाच्या पाच गाठी

काल मुलगी इंग्रजी शब्द पाठ करत होती. सैल करणं म्हणजे लूजन, गाठ सोडणं म्हणजे अनटाय, हातातलं सोडून देणं म्हणजे रिलीज. वही माझ्या हातात होती. अनटायपाशी मी बावीस वर्षं मागे गेलो.

शिंदखेड्याला सुमनच्या माहेरच्या अंगणात, लग्नानंतर, मी एका हाताने तिच्या मनगटावरचं कांकण सोडत होतो. हळदीने ओल्या दोऱ्याला पाच गाठी होत्या. तीन सुटल्या, चौथी हलेना.

"दुसरा हात लावाना नही, जवाई!" तिची मामी ओरडली. "बठ्ठा दिन लावशात का?"

अख्खा दिवस लावणार का म्हणून बायका हसल्या. इथे हरलेला नवरा जन्मभर बायकोच्या मुठीत राहतो म्हणतात. मी दोरा जोरात ओढला, तशी गाठ आणखी आवळली. सुमन मान खाली घालूनच पुटपुटली, "वढू नका. पहिले ढिली करा." तिने मनगट हळूच माझ्याकडे वळवलं आणि उरलेल्या दोन्ही गाठी सुटल्या. जिंकल्याच्या तोऱ्यात मी सगळ्यांकडे पाहिलं, फक्त तिच्याकडे पाहायचं राहिलं.

सुमनला जाऊन चार वर्षं झाली. आता वाटतं, त्या पाचव्या गाठीला मी खरंच अख्खा दिवस लावायला हवा होता.